सूर्याचा पेपर काढणारा हेल

मे २०२४ मधली ती रात्र आठवतेय? लडाखच्या हानलेमध्ये आकाश लाल झालं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फीडवर तेच फोटो फिरत होते. ऑरोरा, तोही भारतातून! कारण काय, तर आदल्या दोन-तीन दिवसांत सूर्यावरच्या एका भल्यामोठ्या डागसमूहातून लागोपाठ स्फोट झाले होते. या स्फोटांना ताकद मिळते ती सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रातून.

हे क्षेत्र सूर्य तयार कसं करतो, ते शोधायला आज जगातले सुपरकॉम्प्युटर कामाला लागलेत. कॉम्प्युटरच्या आत एक नकली सूर्य बनवायचा, तो फिरवायचा, उकळवायचा आणि बघायचं की त्यात खऱ्या सूर्यासारखं चुंबकत्व तयार होतंय का. यालाच सिम्युलेशन म्हणतात. पण नकली सूर्य पास झाला की नापास, हे ठरवायचं कशावरून? त्यासाठीचा पेपर शंभर वर्षांपूर्वीच एका माणसाने काढून ठेवलाय. जॉर्ज एलरी हेल त्याचं नाव. गंमत म्हणजे, त्या पेपरची उत्तरं त्याला स्वतःलाही माहीत नव्हती.

लिफ्टवाल्याचा मुलगा

हेलचा जन्म २९ जून १८६८ चा, शिकागोमधला. तो तीन वर्षांचा असताना शिकागोला भीषण आग लागली आणि शहराचा मोठा भाग खाक झाला. शहर पुन्हा उभं राहिलं ते उंच इमारतींचं, आणि उंच इमारत म्हटली की लिफ्ट आलीच. हेलचे वडील विल्यम हायड्रॉलिक लिफ्टच्या धंद्यात होते. त्यांनी बक्कळ पैसा कमावला.

पोरगा नाजूक तब्येतीचा, सारखा आजारी. पण डोकं एका जागी स्वस्थ बसणारं नव्हतं. वडिलांनी त्याला अवजारं, मायक्रोस्कोप आणि चौदाव्या वर्षी चार इंची दुर्बीण घेऊन दिली. डिसेंबर १८८२ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना त्याने याच दुर्बिणीतून पाहिला. पुढे हातात स्पेक्ट्रोस्कोप आला. हे उपकरण प्रकाशाला रंगांमध्ये फोडून दाखवतं. सूर्यप्रकाशाच्या त्या रंगपट्ट्यात शेकडो काळ्या रेषा दिसतात आणि प्रत्येक रेषा कुठल्या ना कुठल्या मूलद्रव्याची सही असते. हेलला तारे मोजण्यात रस नव्हताच. सूर्य आतून चालतो कसा, हे त्याला हवं होतं.

१८८९ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या ट्राममधून जाताना त्याला एक कल्पना सुचली. सूर्याचा फोटो सगळ्या रंगांत मिळून काढला तर झगमगाटात बारकावे हरवतात. मग एका बारीक फटीतून सूर्याची एकच चिंचोळी पट्टी घ्यायची, तिच्या प्रकाशातली फक्त एक रेषा वेगळी काढायची आणि ती फट हळूहळू अख्ख्या सूर्यबिंबावरून सरकवायची. आपला झेरॉक्सवाला स्कॅनर कागदावरून जसा पट्टी-पट्टीने जातो, तसंच. शेवटी हातात येतो फक्त एका मूलद्रव्याच्या प्रकाशातला सूर्य. या यंत्राचं नाव स्पेक्ट्रोहेलिओग्राफ. फ्रान्समध्ये आंरी देलांद्र यानेही जवळपास त्याच सुमारास स्वतंत्रपणे असंच यंत्र बनवलं.

तेव्हा हेल एकवीस वर्षांचा होता आणि बोस्टनच्या एमआयटीत फिजिक्स शिकत होता. हीच कल्पना त्याच्या पदवीचा प्रबंध झाली. फायनल इयरचा प्रोजेक्ट आपल्याकडे कसा 'होतो' हे वेगळं सांगायला नको, मीही नुकतीच त्यातून गेलेय. या पठ्ठ्याने प्रोजेक्ट म्हणून सूर्याकडे बघायची नवी पद्धतच काढली! १८९० मध्ये पदवी मिळाली, दोनच दिवसांत इव्हेलिना कॉंकलिनशी लग्न झालं, आणि लग्नानंतरच्या प्रवासात स्वारीने कॅलिफोर्नियातली लिक वेधशाळाही पाहून घेतली. पुढचं आयुष्य कसं जाणार, हे इव्हेलिनाला तेव्हाच कळलं असेल.

श्रीमंतांना पटवायची कला

हेलने आयुष्यात चार वेळा जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण उभी करायचं काम हाती घेतलं. पैसा दर वेळी दुसऱ्याचा.

१८९२ मध्ये त्याच्या कानावर आलं की कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठासाठी मागवलेल्या काचेच्या दोन प्रचंड चकत्या तशाच पडून आहेत, कारण पैसे देणाऱ्यांचं दिवाळं वाजलंय. तेव्हा शिकागोचा ट्रामसम्राट होता चार्ल्स यर्क्स. पैसा भरपूर, पण शहरात नाव चांगलं नव्हतं. नाव कमवायचं असेल तर जगातली सर्वांत मोठी दुर्बीण बांधा, असं चोवीस वर्षांच्या हेलने आणि शिकागो विद्यापीठाच्या अध्यक्षांनी त्याला पटवलं. १८९७ मध्ये चाळीस इंची भिंगाची यर्क्स वेधशाळा सुरू झाली. भिंगाची एवढी मोठी संशोधन-दुर्बीण त्यानंतर आजवर कोणी वापरलेली नाही.

दुसरा नंबर साठ इंची आरशाचा. त्याची काच वडिलांनी घेऊन दिली होती, पण ती बसवायला यर्क्सकडे निधी नव्हता. मग हेलने १९०४ मध्ये कार्नेगी संस्थेच्या पैशावर लॉस एंजेलिसजवळच्या माउंट विल्सन या डोंगरावर नवी वेधशाळा काढली. रस्ता धड नव्हता, बरंचसं सामान खेचरांच्या पाठीवरून वर गेलं. १९१७ मध्ये तिथेच शंभर इंची हूकर दुर्बीण उभी राहिली. एडविन हबलने विश्व प्रसरण पावतंय हे पुढे दाखवलं, ते याच दुर्बिणीवरच्या कामातून. चौथ्या दुर्बिणीचं पुढे बघू.

म्हणजे हेलने स्वतः काही शोधलं नाही, नुसती इमारतींची पायाभरणी केली असं वाटेल. पण त्याचा सगळ्यात मोठा शोध या चारांपैकी कुठल्याच दुर्बिणीतून लागला नाही. तो लागला एका बुटक्या मनोऱ्यातून.

दुभंगलेली रेषा

सूर्य बघायचा म्हणजे दुपारच्या उन्हात काम. जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरते आणि प्रतिमाही हलते. डांबरी रस्त्यावर मे महिन्यात जे दिसतं तेच. म्हणून हेलने आरसे साठ फूट उंच मनोऱ्यावर चढवले आणि प्रकाश फोडणारं यंत्र खाली जमिनीत तीस फूट खोल विहिरीत उतरवलं. तिथे तापमान फारसं बदलत नाही.

१९०८ मध्ये हायड्रोजनच्या लाल रेषेत काढलेल्या फोटोंत सौरडागांभोवती भोवऱ्यांसारखे आकार दिसले. हेलच्या डोक्यात चक्र सुरू झालं. तिथला वायू विद्युतभारित असेल आणि तो गोल फिरत असेल, तर ती झाली वीज वाहणारी वेटोळी. आणि वेटोळ्यातून वीज वाहिली की चुंबक तयार होतो, हे तर दहावीच्या पुस्तकातलं.

तपासायचं कसं? १८९६ मध्ये हॉलंडच्या पीटर झेमन याने प्रयोगशाळेत दाखवलं होतं, की प्रकाश देणारा वायू चुंबकाजवळ ठेवला तर त्याच्या वर्णपटातली एक रेषा फुटून दोन किंवा तीन होतात. चुंबक जितका जोरदार, तितकं त्या रेषांमधलं अंतर जास्त. हेलने सौरडागाचा प्रकाश विहिरीतल्या यंत्रातून पाहिला. डागाबाहेर रेषा एकच, डागाच्या आत दुभंगलेली. मग त्याने त्या प्रकाशाचं ध्रुवीकरण तपासलं आणि आपल्या प्रयोगशाळेत चुंबक लावून त्याच रेषा फोडून दोन्हींची तुलना केली. जुळलं!

डागांमधलं क्षेत्र भरलं तीन हजार गॉसच्या आसपास. पृथ्वीचं असतं साधारण अर्धा गॉस. म्हणजे हजारो पटींनी जास्त, आणि अनेक डाग तर आख्खी पृथ्वी मावेल एवढे मोठे. पृथ्वीबाहेर चुंबकीय क्षेत्र सापडण्याची ही पहिलीच वेळ होती.

कोडाईकनालहून आलेला झटका

आता जरा आपल्याकडे येऊ. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, तेव्हा प्रोफेसर कावसजी नायगमवाला यांची महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा होती. १९१२ मध्ये ती बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण तमिळनाडूत कोडाईकनालच्या सौर वेधशाळेकडे गेली. त्याच कोडाईकनालमध्ये जॉन एव्हरशेड हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ काम करत होता. हेलने सांगितलेले भोवरे खरंच फिरतात का, हे तो जानेवारी १९०९ मध्ये बघायला बसला. दिसलं भलतंच. डागाभोवतीचा वायू गोल फिरत नव्हता, तो डागाच्या मधून कडेकडे सरळ बाहेर वाहत होता.

म्हणजे हेलचं मोजमाप बरोबर, पण त्यामागचं कारण चूक. ज्या भोवऱ्यांमुळे त्याला चुंबक शोधायची बुद्धी झाली, तेच त्या चुंबकाचं कारण नव्हते. दुसरा कोणी असता तर आपली थिअरी वाचवण्यात उरलेली वर्षं घालवली असती. हेलने काय केलं, तर आणखी मोठा, दीडशे फुटी मनोरा बांधला आणि मोजत राहिला.

अकरा वर्षांची वाट

सौरडागांची संख्या साधारण अकरा वर्षांच्या चक्रात वाढते आणि कमी होते, हे आधीपासून माहीत होतं. डाग बहुतेकदा जोडीने येतात, हेही माहीत होतं. हेलच्या गटाने आता प्रत्येक जोडीतल्या डागांचे ध्रुव नोंदवायला घेतले. सूर्य फिरतो तशी ही जोडी लोकलच्या दोन डब्यांसारखी पुढे-मागे चालते. उत्तर गोलार्धात पुढच्या डब्याचा ध्रुव एक असेल, तर दक्षिण गोलार्धात पुढच्या डब्याचा बरोबर त्याच्या उलट. जवळपास प्रत्येक जोडीत हेच.

मग १९१३ च्या सुमारास जुनं चक्र संपलं, नव्याचे पहिले डाग उगवले आणि सगळे चक्रावले. ध्रुव उलटे झाले होते! आता हा योगायोग की नियम? सांगायला एकच मार्ग होता, पुढचं चक्र सुरू होईपर्यंत थांबणं. म्हणजे आणखी दहा वर्षं. १९१७ पासून माउंट विल्सनवर रोज हाताने डागांचं चित्र काढून शेजारी ध्रुव लिहायला सुरुवात झाली. ही प्रथा पुढे शंभराहून जास्त वर्षं चालत आली. १९२३ च्या सुमारास पुन्हा नवे डाग आले आणि ध्रुव पुन्हा उलटले. हेल आणि सेथ निकोल्सन यांनी १९२५ मध्ये जाहीर केलं, की चुंबकाच्या हिशोबाने सूर्याचं चक्र अकराचं नाही, बावीस वर्षांच्या आसपासचं आहे. मधल्या काळात, १९१९ मध्ये, आणखी एक बारकावा नोंदला गेला होता: जोडी किंचित तिरकी असते, पुढचा डाग विषुववृत्ताच्या जरा जवळ असतो.

हाच तो पेपर. दोन गोलार्धांत उलटे ध्रुव, दर चक्रात अदलाबदल, आणि जोडीचा तिरकेपणा.

एका प्रश्नात मात्र हेल सपशेल चुकला. डाग सोडून आख्ख्या सूर्याचं क्षेत्र किती, याचं त्याने काढलेलं उत्तर होतं सुमारे पन्नास गॉस. प्रत्यक्षात ते ध्रुवांजवळ काही गॉसच्या घरात असतं. त्याच्या यंत्राची तेवढी ताकदच नव्हती. खरं उत्तर १९५० च्या दशकात हॅरॉल्ड आणि होरेस या बॅबकॉक बाप-लेकांनी नव्या यंत्राने काढलं. यातल्या वडिलांना माउंट विल्सनवर नोकरीला आणलं होतं ते हेलनेच.

डोकं थांबत नाही तेव्हा

हे सगळं बाहेरून जितकं झकास दिसतं तितकं आतून नव्हतं. वेधशाळा, निधी, अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलची उभारणी, पॅसाडीनातल्या एका छोट्या संस्थेला कॅलटेक बनवण्याचा खटाटोप, हे सगळं एकट्याच्या डोक्यावर. असह्य डोकेदुखी, झोप नाही, नैराश्याचे झटके. त्याला पुन्हा पुन्हा काम सोडून उपचारांसाठी जावं लागलं. १९२३ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्याने माउंट विल्सनचं संचालकपद सोडलं.

तेव्हा बर्नआउट हा शब्द कोणी वापरत नव्हतं आणि मानसिक आजाराबद्दल उघड बोलायची पद्धतही नव्हती. 'ग्रेट माणसं झोपतच नाहीत' टाइपची रील्स बघताना हेलची ही बाजू लक्षात ठेवायला हवी. न झोपण्याने त्याला काही दिलं नाही, उलट कामाची कित्येक वर्षं खाल्ली. पद सोडल्यावर तो पॅसाडीनातल्या स्वतःच्या लहानशा प्रयोगशाळेत परतला आणि सूर्य डोळ्यांनी थेट एका रंगात बघता येईल असं स्पेक्ट्रोहेलिओस्कोप बनवलं. तसं एक यंत्र पुढे कोडाईकनालमध्येही आलं. १९२८ मध्ये त्याने रॉकफेलरच्या पैशातून साठ लाख डॉलर मिळवले, चौथ्या आणि शेवटच्या, दोनशे इंची दुर्बिणीसाठी. ती पूर्ण झालेली त्याने पाहिली नाही. २१ फेब्रुवारी १९३८ ला हेल गेला. दहा वर्षांनी, १९४८ मध्ये, पालोमार डोंगरावर ती सुरू झाली आणि तिला त्याचंच नाव दिलं गेलं.

नकली सूर्याची परीक्षा

हेलच्या हयातीतच लोक त्याचा पेपर सोडवायला बसले होते. १९१९ मध्ये जोसेफ लार्मोर याने सुचवलं, की सूर्य हा डायनॅमो असावा. सायकलच्या चाकाला लावायच्या डायनॅमोत चुंबक फिरून वीज तयार होते, तसं इथे वीजवाहक वायूच्या हालचालीतून चुंबकत्व टिकत असेल. १९३३ मध्ये थॉमस काउलिंगने गणिताने दाखवलं, की अगदी सरळ, सममित क्षेत्र असं टिकूच शकत नाही. पीळ हवा. तो पीळ १९५५ मध्ये युजीन पार्करने दिला.

कल्पना अशी. सूर्य विषुववृत्तावर साधारण २५ दिवसांत फिरतो, ध्रुवांकडे साधारण ३५. चुंबकीय रेषा वायूला चिकटलेल्या असतात. त्यामुळे उत्तर-दक्षिण रेषा ओढल्या जाऊन भोवऱ्याला दोरी गुंडाळावी तशा सूर्याभोवती गुंडाळल्या जातात. जुड्या घट्ट झाल्या की त्या वर येतात आणि पृष्ठभागातून कमान काढतात. कमानीची दोन टोकं म्हणजे हेलची डागांची जोडी. दोन गोलार्धांत दोरी उलट दिशेने ताणली जाते, म्हणून ध्रुव उलटे. वर येणारा वायू सूर्याच्या फिरण्यामुळे पिळला जातो आणि त्यातून पुन्हा उत्तर-दक्षिण क्षेत्र बनतं, पण उलट्या दिशेचं. होरेस बॅबकॉकने १९६१ मध्ये दाखवलं, की हे काम जोडीचा तो किंचित तिरकेपणाही करू शकतो.

कागदावर छान. कॉम्प्युटरवर? १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बोल्डर इथे पीटर गिलमन आणि गॅरी ग्लॅट्झमायर यांनी आख्ख्या गोलाची त्रिमितीय सिम्युलेशन्स चालवली. चुंबकत्व तयार झालं, उलटापालटही झाली, पण क्षेत्राचे पट्टे ध्रुवांकडे सरकले. खऱ्या सूर्यावर चक्र पुढे जातं तसे डाग विषुववृत्ताकडे सरकतात. नापास!

आतलं फिरणंही चुकलं होतं. हे कळलं कसं? १९६० मध्ये कॅलटेकच्या रॉबर्ट लेटन याला दिसलं, की सूर्याचा पृष्ठभाग दर पाच मिनिटांनी वरखाली हलतो. या कंपनांवरून पुढे सूर्याची जणू सोनोग्राफी करता आली आणि आतला कुठला थर किती वेगाने फिरतो ते समजलं. लेटनने ही कंपनं पाहिली ती कुठून? हेलच्या त्याच साठ फुटी मनोऱ्यातून.

अडचण आहे आकाराची. सूर्याचा उकळणारा थर सुमारे दोन लाख किलोमीटर जाडीचा, आणि त्यातल्या खळबळीचे बारीक भोवरे त्या मानाने अगदी इवलेसे. कॉम्प्युटर थराचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचं गणित क्षणाक्षणाला करतो. चौकोन मोठे ठेवले तर भोवरे सुटतात, बारीक केले तर मशीन दमतं. २०१० मध्ये मॉन्ट्रियलच्या गटाला नियमित उलटणारं क्षेत्र मिळालं, पण उलटायला अकराऐवजी सुमारे तीस वर्षं लागत होती. २०२१ मध्ये जपानच्या हिदेयुकी होत्ता आणि कान्या कुसानो यांनी फुगाकू सुपरकॉम्प्युटरवर सुमारे ५४० कोटी बिंदू घेतले, तेव्हा कुठे विषुववृत्त वेगाने आणि ध्रुव हळू, हे फिरणं कुठलीही खास मखलाशी न करता जमलं. सगळ्या प्रश्नांत एकदम पूर्ण मार्क मिळवणारा नकली सूर्य अजून बनलेला नाही.

साध्या मॉडेल्सनी मात्र काम करून दाखवलंय, आणि त्यात आपली माणसं पुढे आहेत. चोविसावं सौरचक्र जोरदार असेल असं बोल्डरच्या गटाने २००६ मध्ये सांगितलं. २००७ मध्ये बंगळुरूच्या आयआयएस्सीतले अर्णब राय चौधुरी आणि सहकारी म्हणाले, नाही, हे कमकुवत असेल. त्यांनी सूर्याच्या ध्रुवांवर प्रत्यक्ष मोजलेलं क्षेत्र मॉडेलमध्ये घातलं होतं. चक्र आलं ते गेल्या शंभरेक वर्षांतलं सर्वांत कमकुवत. इथेही जिंकलं ते मोजमाप.

आज पुण्याच्या आयुकात बनलेली 'सूट' दुर्बीण आदित्य-एल१ यानावरून, प्रकाशाचे मोजके पट्टे वेगळे काढत, सूर्याचे फोटो घेतेय. एकवीस वर्षांच्या मुलाला ट्राममध्ये सुचलेली गोष्ट ती हीच. सध्या चालू आहे पंचविसावं चक्र. ते संपून २०३० च्या आसपास नव्या चक्राचे पहिले डाग उगवतील, तेव्हा बातमी नीट वाचा. पुढच्या डब्याचा ध्रुव उलटा झालेला असेल.